चार मित्र, सोळा शहरे, सोळा दिवस: २०२६ च्या विश्वचषकाचे नियोजन कसे करावे?

(डिसेंबर २०२५ ते जानेवारी २०२६ मध्ये, तिकिटांची सोडत सुरू असताना झालेली चर्चा. लिहिणाऱ्यांची नावे टोपणनावे आहेत.)

मध्यरेषा:

नमस्कार. आम्ही चौघे महाविद्यालयापासूनचे मित्र आहोत आणि २००२ पासूनचा प्रत्येक फुटबॉल विश्वचषक जमेल तितका एकत्र बसून पाहत आलो आहोत. दर वेळी अंतिम सामना संपला की ‘पुढचा विश्वचषक मैदानात बसून पाहायचा’ असे ठरते आणि चार वर्षांनी आम्ही पुन्हा त्याच पडद्यासमोर असतो. या वेळी मात्र गोष्ट बोलण्यापलीकडे गेली आहे. चौघांनी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकली आहे, रजेविषयी वरिष्ठांशी बोलणे झाले आहे, आणि अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांतल्या सोळा शहरांत ११ जून ते १९ जुलै या काळात होणाऱ्या स्पर्धेत सलग सोळा दिवस आम्हाला मिळू शकतात. ते सोळा दिवस कोणते आणि कुठे घालवायचे, यावर मात्र चौघांची चार मते आहेत.

डिसेंबरमध्ये गटवारी जाहीर झाल्यावर आम्ही संपूर्ण वेळापत्रक मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावले आणि प्रत्येकाने आपापल्या रंगाच्या पेनाने हव्या त्या सामन्यांभोवती गोल काढले. हिरवा पेन ब्राझीलच्या मागे न्यू जर्सी, फिलाडेल्फिया आणि मायामी असा धावतो. लाल पेनवाल्याला मेक्सिको सिटीतले अझ्तेका मैदान पाहिल्याशिवाय परत यायचे नाही, कारण पेलेचा १९७० चा आणि मॅराडोनाचा १९८६ चा विश्वचषक ज्या गवतावर संपला त्या गवतापुढे बाकी सगळी मैदाने त्याला नवखी वाटतात. निळ्या पेनाचे म्हणणे असे, की एवढा खर्च करून जायचेच तर बाद फेरीला जावे. साखळीतले सामने घरी बसूनही पाहता येतात. काळा पेन माझा आहे आणि माझी अपेक्षा अगदी साधी आहे: सोळा दिवसांतले आठ दिवस विमानतळावर जाऊ नयेत. सध्या तो कागद एखाद्या लहान मुलाच्या हाती चार पेन दिल्यासारखा दिसतो.

तेव्हा जाणकारांना माझे काही प्रश्न आहेत. एखाद्या संघाच्या मागे फिरावे, की एखादा प्रदेश निवडून तिथे जे सामने होतील ते पाहावेत? कोणते संघ खेळणार हे ठाऊक नसताना बाद फेरीची तिकिटे मागणे शहाणपणाचे आहे का? आमच्यापैकी दोघांकडे, म्हणजे माझ्याकडे आणि लाल पेनवाल्याकडे, अमेरिकेचा व्हिसा आहे आणि उरलेल्या दोघांकडे नाही. अशा वेळी आधी तिकीट की आधी व्हिसा? आणि तिकिटांच्या सोडतीसाठी १३ जानेवारीपर्यंत अर्ज करायचा आहे, तो एकाने करावा की चौघांनी?

उजवी बगल:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवाने देऊ शकतो, आणि तो अनुभव फारसा गौरवाचा नाही. २०१८ मध्ये आम्ही तिघे जर्मनीच्या भरवशावर रशियाला गेलो होतो. जर्मनी तेव्हाचा विश्वविजेता. तो गटात पहिला येणार आणि ३ जुलैला सेंट पीटर्सबर्गला बाद फेरीचा सामना खेळणार, असे गृहीत धरून आम्ही त्या सामन्याची तिकिटे आणि हॉटेल महिनोन्‌महिने आधी घेऊन ठेवले. २७ जूनला कझानमध्ये दक्षिण कोरियाने जर्मनीला २-० असे हरवले आणि विश्वविजेता गटात तळाला गेला. आम्ही ३ जुलैला अंगात जर्मनीचे पांढरे शर्ट घालून, स्वीडनच्या पिवळ्या शर्टांच्या गर्दीत बसून स्वीडन विरुद्ध स्वित्झर्लंड हा सामना पाहिला. स्वीडनच्या फोर्सबर्गचा फटका बचावपटूच्या पायाला लागून गोलात गेला, स्वीडनने १-० असा सामना जिंकला, आणि शेजारच्या स्वीडिश आजोबांनी माझ्या शर्टाकडे पाहून मला मिठी मारली. ती मिठी आनंदाची होती की सांत्वनाची, हे मला अजून कळलेले नाही.

सांगायचा मुद्दा असा, की रशियात निदान तिकीटधारकांना यजमान शहरांमधल्या विशेष रेल्वेगाड्या मोफत होत्या, त्यामुळे चुकीच्या अंदाजाची किंमत फक्त मनस्तापात मोजावी लागली. कतारमध्ये तर सगळी मैदाने दोहाच्या आसपास होती आणि एका दिवसात दोन सामने पाहणारे लोक मी पाहिले आहेत. या वेळी व्हँकूव्हरपासून मायामीपर्यंत सुमारे साडेचार हजार किलोमीटरचा पल्ला आहे. सामन्यांची आखणी करताना आयोजकांनी पश्चिम, मध्य आणि पूर्व असे तीन पट्टे केले आहेत खरे, पण एकट्या पूर्व पट्ट्यात टोरांटोही येते आणि मायामीही. म्हणून पट्टा निवडून भागणार नाही. पट्ट्यातला असा तुकडा निवडावा, की जिथे विमानाशिवाय फिरता येईल.

माझ्या मते असा तुकडा एकच आहे: बॉस्टन, न्यूयॉर्क–न्यू जर्सी आणि फिलाडेल्फिया. ही तिन्ही शहरे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. न्यूयॉर्कहून फिलाडेल्फिया दीड तासाच्या आसपास आणि बॉस्टन चार तासांच्या आसपास पडते. न्यूयॉर्क–न्यू जर्सीत आठ, बॉस्टनमध्ये सात आणि फिलाडेल्फियात सहा, असे १०४ पैकी एकवीस सामने या तीन शहरांत आहेत.

लाल कार्ड:

उजवी बगल यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. प्रदेश निवडून सामने पाहणे म्हणजे नाटकाचे नाव न विचारता नाट्यगृह निवडण्यासारखे आहे. मित्र एकत्र जातात ते कोणाच्या तरी बाजूने ओरडायला; तटस्थ राहून केलेले ‘वा, छान’ घरीही करता येते. आणि संघाच्या मागे गेले की फरफट होतेच, हेही खरे नाही. अर्जेंटिनाचे साखळीतले तीन सामने पाहा: १६ जूनला कॅन्सस सिटीत अल्जीरियाशी, २२ जूनला डॅलसमध्ये ऑस्ट्रियाशी आणि २७ जूनला पुन्हा डॅलसमध्येच जॉर्डनशी. स्पेनचे पहिले दोन सामने अटलांटातच आहेत, तिसऱ्याला मात्र ग्वादालाहारा गाठावे लागते. इंग्लंड डॅलस, बॉस्टन आणि न्यू जर्सी असे फिरते. म्हणजे काही संघ बऱ्यापैकी एका जागी आहेत आणि काही नाहीत. प्रत्येकाचा नकाशा वेगळा तपासायला हवा.

तुमच्या लाल पेनवाल्या मित्राच्या बाजूनेही दोन शब्द लिहितो, रंगबंधू म्हणून. तीन विश्वचषकांचे सामने झालेले मैदान, हा मान ११ जूनला अझ्तेकाला पहिल्यांदा मिळेल. त्या दिवशी मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका खेळतील, आणि २०१० च्या विश्वचषकाची सुरुवातही याच दोन संघांनी जोहान्सबर्गमध्ये १-१ अशा बरोबरीने केली होती. मात्र सलामीच्या सामन्याच्या तिकिटावर सगळ्या जगाचा डोळा असतो. मैदान पाहणे हाच हेतू असेल, तर तिथे २४ जूनला मेक्सिकोचा साखळीतला शेवटचा सामनाही आहे. त्या दिवशी अझ्तेकात जो आवाज असेल तो सलामीपेक्षा फार कमी असेल असे मला वाटत नाही. एवढेच, की ते मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. विमानातून उतरून थेट वरच्या मजल्याचे जिने चढणाऱ्याला धाप लागते आणि त्याने ती वयावर ढकलू नये.

पूर्वतयारी:

मी तिकिटे आणि व्हिसा यांपुरतेच लिहितो, कारण बेत फसतात ते बहुधा इथेच.

सध्या सुरू असलेली सोडत ही ‘आधी येईल त्याला’ अशी नाही. ११ डिसेंबर ते १३ जानेवारी या मुदतीत अर्ज पहिल्या दिवशी केला काय आणि शेवटच्या दिवशी केला काय, संधी सारखीच. त्यामुळे घाईने अर्ज करण्यापेक्षा चौघांचे एकमत होईपर्यंत थांबलेले बरे. अर्जात सामना, तिकिटाचा वर्ग आणि संख्या निवडायची असते. एका सामन्याला जास्तीत जास्त चार तिकिटे मागता येतात आणि संपूर्ण स्पर्धेसाठी चाळीस. तुम्ही नेमके चौघे आहात, हा योग चांगला आहे. सोडतीत नाव निघाले की पैसे कार्डातून आपोआप वळते होतात, पुन्हा विचारले जात नाही. म्हणून ‘मागून तर ठेवू, मग पाहू’ या वृत्तीने दहा सामने मागू नका. दहाही लागले तर दहांचेही पैसे जातील, आणि कार्डाची मर्यादा अपुरी पडली तर लागलेले तिकीटही हातचे जाऊ शकते.

अर्ज एकाने करावा की चौघांनी? चौघांनी करावा, पण वाटून. चौघांनी एकाच सामन्यासाठी चार-चार तिकिटे मागितली आणि तिघांची नावे निघाली, तर बारा तिकिटे गळ्यात पडतील. त्याऐवजी ज्या सामन्यावाचून सहल अपुरी राहील तो सामना दोघांनी मागावा, आणि बाकीचे एकेकाने. जास्तीची तिकिटे फिफाच्या अधिकृत पुनर्विक्री केंद्रावर विकता येतात, पण तिथे विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडूनही १५ टक्के कापले जातात. किमतींविषयी एवढेच सांगतो, की सप्टेंबरच्या पहिल्या विक्रीवेळी ६० डॉलरपासून अंतिम सामन्याच्या ६,७३० डॉलरपर्यंतचा पल्ला जाहीर झाला होता, आणि मागणीप्रमाणे भाव बदलत राहतात. साठ डॉलरचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून अंदाजपत्रक केले असेल, तर ते आजच फाडून टाकावे.

आता व्हिसा. रशियात ‘फॅन आयडी’ आणि कतारमध्ये ‘हय्या कार्ड’ यांवर प्रवेश मिळत होता, म्हणून अनेकांचा समज झाला आहे की तिकीट हेच प्रवेशपत्र. या वेळी तसे नाही. तिन्ही देशांचे नियम वेगळे आहेत आणि तिकीट असले तरी व्हिसा सुटत नाही. फिफाकडून थेट तिकीट घेतलेल्यांना व्हिसाच्या मुलाखतीची वेळ लवकर मिळावी अशी सोय अमेरिकेच्या सरकारने नोव्हेंबरमध्ये जाहीर केली. पण मुलाखत लवकर मिळणे आणि व्हिसा मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि अधिकाऱ्यासमोर तिकीट दाखवले म्हणून चौकशी कमी होत नाही. तुमच्या दोन मित्रांनी तिकिटांच्या निकालाची वाट न पाहता पर्यटक व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरून टाकावा आणि मिळेल ती तारीख घ्यावी. तिकीट मिळाल्यावर तारीख अलीकडे आणता आली तर उत्तमच.

मेक्सिकोबाबत एक सवलत आहे: ज्याच्या पारपत्रावर अमेरिकेचा वैध व्हिसा आहे, त्याला पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र अमेरिकेत परत येण्यासाठी तो व्हिसा अनेक प्रवेशांचा असावा, हे तपासा. कॅनडाला ही सवलत सरसकट लागू नाही, तेव्हा ‘जवळच तर आहे’ म्हणून टोरांटोचा सामना यादीत टाकू नका. दोनदा सीमा ओलांडण्यात जो वेळ जाईल तेवढ्यात फिलाडेल्फियाला दोनदा जाऊन येता येईल.

मध्यरेषा:

सर्वांचे मनापासून आभार. व्हिसाचा सल्ला काल रात्रीच अमलात आणला. दोघांनीही अर्ज भरले. निळ्या पेनवाल्याने छायाचित्र तीन वेळा बदलले, कारण पहिल्या दोन वेळा संगणकाने ते नाकारले.

वाचता वाचता आम्ही पूर्वेकडच्या तीन शहरांकडे झुकत आहोत, पण लाल कार्ड यांचा आक्षेप आम्हालाही टोचतो. चौघे तटस्थ बसलो तर मजा अर्धी होईल. शिवाय निळा पेन अजूनही बाद फेरीवर अडून बसला आहे. तीन शहरे न सोडता या दोन्ही गोष्टी जमतील का?

उजवी बगल:

जमतील, आणि त्याचे उत्तर तुमच्या भिंतीवरच आहे. ‘आय’ गट पाहा: फ्रान्स, सेनेगल, नॉर्वे आणि पात्रता फेरीच्या शेवटच्या टप्प्यातून येणारा एक संघ. या गटातल्या सहापैकी पाच सामने याच तीन शहरांत आहेत. फ्रान्स १६ जूनला न्यू जर्सीत सेनेगलशी, २२ जूनला फिलाडेल्फियात त्या चौथ्या संघाशी, आणि २६ जूनला बॉस्टनमध्ये नॉर्वेशी खेळतो. नॉर्वे आणि सेनेगल २२ जूनला न्यू जर्सीत भिडतात. म्हणजे लाल कार्ड यांना हवा तसा एक संघ निवडून त्याच्या मागे फिरायचे आणि तरी विमानाचे तोंड पाहायचे नाही, हे या एका गटात साधते.

आणि गट रुक्ष मुळीच नाही. फ्रान्स–सेनेगल म्हटले की २००२ ची सलामी आठवते. तुमच्या एकत्र पाहण्याची सुरुवातही त्याच विश्वचषकाची, म्हणजे ३१ मेचा तो सामना तुम्हा चौघांनाही आठवत असेल: फ्रान्स जगज्जेता, सेनेगल पहिल्यांदाच स्पर्धेत, आणि पापा बुबा दियोपचा तो एकमेव गोल, त्यानंतर मैदानावर शर्ट अंथरून त्याभोवती झालेला नाच. नॉर्वे तर १९९८ नंतर प्रथमच विश्वचषकात येतो आहे; सगळे ठीक असले तर २६ जूनला एका बाजूला फ्रान्सचा एम्बापे आणि दुसऱ्या बाजूला नॉर्वेचा हालांड दिसतील. हिरव्या पेनासाठी ब्राझीलचे पहिले दोन सामनेही याच टापूत आहेत: १३ जूनला न्यू जर्सीत मोरोक्कोशी आणि १९ जूनला फिलाडेल्फियात हैतीशी. हैती १९७४ नंतर प्रथमच आला आहे, तेव्हा समोरचा प्रेक्षकही पाहण्यासारखा असेल. तिसऱ्या सामन्यासाठी ब्राझील मायामीला जातो. त्याला जाऊ द्यावे.

आता निळा पेन. बाद फेरीचे संघ आधी कळत नाहीत, आणि या वेळी तर नेहमीपेक्षाही कमी कळतात, कारण बारा गटांतले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बारा संघांतले आठ असे बत्तीस संघ पुढे जाणार आहेत. बारांतून आठ निवडण्याच्या ४९५ रीती होतात, आणि कोणत्या गटविजेत्यासमोर कोणता तिसरा संघ येणार हे त्यांवर अवलंबून आहे. पण जागा ठरलेल्या आहेत. २९ जूनला बॉस्टनमध्ये ‘ई’ गटाचा विजेता खेळेल, म्हणजे जर्मनी, इक्वेडोर, आयव्हरी कोस्ट किंवा कुरासाव. ३० जूनला न्यू जर्सीत ‘आय’ गटाचा विजेता खेळेल. या दोन सामन्यांचे विजेते ४ जुलैला फिलाडेल्फियात एकमेकांसमोर येतील, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये याच शहरात, याच तारखेला स्वीकारला गेला असल्यामुळे त्या दिवशी तिथे अडीचशेव्या वर्षाचा सोहळाही असेल. तिथला विजेता ९ जुलैला उपांत्यपूर्व सामना बॉस्टनला खेळेल. एवढी सलग साखळी इतक्या जवळ मला दुसरीकडे दिसली नाही.

मी तुमच्या जागी असतो तर १५ ते ३० जून घेतले असते. साखळीतले चार सामने आणि बाद फेरीतले दोन, असे सहा सामने त्यात बसतात. एकदा जर्मनीच्या नावाने हात पोळलेला माणूस म्हणून एवढेच सांगतो, की २९ जूनला तिथे जर्मनीच असेल या भरवशावर पांढरा शर्ट घेऊन जाऊ नका.

लाल कार्ड:

हे मान्य. फ्रान्सच्या नावाने ओरडायला चौघे तयार असतील तर माझा आक्षेप मागे. मी असतो तर सेनेगलच्या बाजूला बसलो असतो, कारण ढोल तिकडे असतात.

मात्र १५ जूनला उतरून १६ जूनला सामना, हे जरा घाईचे आहे. लांबच्या प्रवासानंतर दुसऱ्या दिवशी मध्यंतराच्या आसपास जी झोप येते ती गोलाच्या जल्लोषानेही मोडत नाही. निदान विमान सकाळी पोहोचणारे घ्या आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीही झाले तरी आडवे होऊ नका.

गोलपोस्टमागे:

मैदानात पाऊल ठेवल्यानंतरच्या गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत, म्हणून हा प्रतिसाद.

ही तिन्ही मैदाने मुळात अमेरिकन फुटबॉलची आहेत. त्या खेळाचे मैदान जेमतेम ४९ मीटर रुंद असते आणि आपल्याला ६८ मीटर लागतात, त्यामुळे न्यू जर्सीत कोपऱ्यांतल्या काही खुर्च्या काढून जागा करावी लागली. न्यू जर्सी आणि बॉस्टनमध्ये कृत्रिम हिरवळीच्या जागी खरे गवत लावले जाते. प्रेक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मैदानालगतच्या अगदी खालच्या रांगा महाग असूनही तिथून पलीकडची बाजू नीट दिसेलच असे नाही. मी नेहमी गोलपोस्टच्या मागे, वरच्या टप्प्यात बसतो. तिथून खेळाडूचा चेहरा दिसत नाही, पण बचावफळी पुढे सरकताना तिच्यात पडलेली फट बचावपटूच्या आधी आपल्याला दिसते, आणि आता पास कुठे जाणार हे ओरडून सांगण्याचा आनंद मिळतो. कोणी ऐकत नाही, हा भाग वेगळा. शिवाय ही तिकिटे तुलनेने स्वस्त असतात. चौघांनी वर्ग निवडताना याचा विचार करावा.

हवामानाचाही विचार करा. अटलांटा, डॅलस, ह्यूस्टन इथे छत आहे. तुमच्या तिन्ही ठिकाणी आकाश उघडे आहे. जूनअखेरीस ऊन असतेच. उन्हासाठी प्रत्येक सत्रात तीन मिनिटांची पाण्याची विश्रांती या वेळी सर्व सामन्यांत ठेवली आहे. पण खरी डोकेदुखी विजांची आहे. जवळपास वीज पडली की खेळ थांबवतात, प्रेक्षकांना आत हलवतात आणि शेवटच्या विजेनंतर तीस मिनिटे गेल्याशिवाय पुन्हा सुरू करत नाहीत. मध्ये आणखी एक वीज चमकली की तीस मिनिटे पुन्हा पहिल्यापासून. २०२५ च्या क्लब विश्वचषकात शार्लट इथे चेल्सी आणि बेन्फिका यांचा सामना संपायला अवघी काही मिनिटे उरलेली असताना असाच थांबला आणि जवळपास दोन तास थांबून राहिला. म्हणून सामन्याच्या रात्रीचे परतीचे आरक्षण करू नका. दुसऱ्या दिवशी दुपारचे करा.

बॉस्टनचा सामना बॉस्टनमध्ये नाही हेही ध्यानात ठेवा. मैदान फॉक्सबरो गावात, शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे आणि सामन्याच्या दिवशी साउथ स्टेशनवरून विशेष गाड्या सुटतात. न्यू जर्सीच्या मैदानाला मॅनहॅटनहून जाताना सिकॉकसला गाडी बदलावी लागते. २०१४ मध्ये त्या मैदानावर सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, झाला तेव्हा खेळ संपल्यावर फलाटांवर हजारो लोक तासन्‌तास खोळंबले होते. शेवटची शिट्टी वाजताच धावत सुटणाऱ्यांत सामील होण्यापेक्षा अर्धा-पाऊण तास जागेवर बसून राहावे, गाणी ऐकावीत आणि मग निघावे. फिलाडेल्फियात तेवढा त्रास नाही; शहराच्या मध्यातून निघणारी भुयारी रेल्वे दक्षिण टोकाला मैदानाजवळच सोडते.

एक अखेरची गोष्ट, जी मी स्वतः भोगली आहे. तिकिटे फक्त मोबाइलवर असतात. एका विश्वचषकात आमच्या पाचही जणांची तिकिटे एकाच मित्राच्या फोनमध्ये होती, आणि तो गडी सकाळपासून मैदानाबाहेरची चित्रफीत काढत होता. प्रवेशद्वारापाशी पोहोचलो तेव्हा पडदा काळा. आतून राष्ट्रगीताचा आवाज येत होता आणि आम्ही पाच जण एका अनोळखी कुटुंबाच्या चार्जरला लटकलेल्या फोनवरचा एक टक्का दोन टक्के होताना पाहत उभे होतो. पहिला गोल आम्ही भिंतीपलीकडून ऐकला. तिकिटे हाती आली की त्याच दिवशी ॲपमधून प्रत्येकाचे तिकीट प्रत्येकाच्या फोनवर पाठवून द्या.

मध्यरेषा:

काल रात्री चौघांची बैठक झाली आणि भिंतीवरचा जुना कागद उतरवला. १५ ते ३० जून नक्की केले आहे. १६ जूनला न्यू जर्सीत फ्रान्स–सेनेगल, १९ जूनला फिलाडेल्फियात ब्राझील–हैती, २२ जूनला न्यू जर्सीत नॉर्वे–सेनेगल, २६ जूनला बॉस्टनमध्ये नॉर्वे–फ्रान्स, २९ जूनला तिथेच बाद फेरी आणि ३० जूनला न्यू जर्सीत बाद फेरी, असे सहा सामने मागत आहोत. पूर्वतयारी यांच्या सांगण्याप्रमाणे २६ जूनचा सामना दोघे मागणार आहेत आणि बाकीचे वाटून घेतले आहेत. चारही कार्डांची मर्यादा तपासली. माझी अपुरी होती, बँकेत अर्ज दिला आहे. वर्ग मात्र गोलपोस्टमागचा, वरचाच.

२२ जूनला फ्रान्स फिलाडेल्फियात असताना आम्ही न्यू जर्सीत का, असे कोणी विचारेल. त्याचे कारण असे, की चौघांपैकी दोघे सेनेगलच्या बाजूला गेले आहेत, आणि लाल कार्ड यांच्या ढोलांना त्यासाठी जबाबदार धरण्यात आले आहे.

लाल पेन शेवटपर्यंत बधला नाही. तो २३ तारखेला पहाटे एकटाच मेक्सिको सिटीला उडणार, २४ जूनचा मेक्सिकोचा सामना अझ्तेकात पाहणार आणि २५ तारखेला रात्री बॉस्टनला आम्हाला येऊन मिळणार, असे त्याने जाहीर केले आहे. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे, हे त्याने पारपत्र आमच्यापुढे उघडून सिद्ध केले. २,२४० मीटर उंचीचा इशारा त्याला वाचून दाखवला, तर तो म्हणाला, मैदान खाली आणा, मी धाप बंद करतो. त्याच्या त्या एका तिकिटाचा अर्ज तो स्वतःच करणार आहे, आणि परतीच्या विमानाला उशीर झाला तर नॉर्वे–फ्रान्स सामन्यातली त्याची खुर्ची कोणाला द्यायची, यावर उरलेल्या तिघांची चर्चा सुरू झाली आहे.